राखून ठेवलेला नट

रविवारी सकाळी यशोधन खर्डेकर ठेवणीतला फाटका बनियन घालून, पाना घेऊन आपल्या लाल स्पोर्ट्स कारखाली शिरले आणि हिरमुसून बाहेर आले.

“काल मुद्दाम एक नट सैल करून ठेवला होता. या गाडीनं आवळूनही टाकला!”

“ती स्वतःच स्वतःला दुरुस्त करते, म्हणून तर घेतलीत ना?” त्यांची बायको मृदुला हसत म्हणाली. “दर शनिवारी नट सैल करायचा आणि दर रविवारी तोंड पाडून बसायचं!”

“अगं, हाताला ग्रीस लागल्याशिवाय गाडी आपली वाटतच नाही.” त्यांनी बॉनेटवर हलकेच थाप मारली.

पुढच्या शनिवारी त्यांनी पान्याला हातही लावला नाही. रविवारी मात्र सवयीनं खाली शिरले आणि ओरडले, “मृदुला, नट सैल आहे! तू केलास?”

“मी कशाला? गाडीला विचारा.”

गाडीच्या पडद्यावर अक्षरं उमटली होती : ‘सर्व दुरुस्ती पूर्ण. एक नट मालकांसाठी राखून ठेवला आहे.’

यशोधनरावांनी तो नट अर्धा तास चवीचवीनं आवळला. कपाळाला ग्रीस माखून, शीळ घालत ते उठतच होते, तेवढ्यात गाडीनं दुसरा नट फरशीवर टाकला. टण्ण!