बठ्ठा जा

दीपकचा घसा बसला तो ऐन गेटवर.

सकाळपासून घोषणा तोच देत होता. पावणेबाराला त्याच्या तोंडातून नुसती हवा यायला लागली. त्यानं माईक शेजारी उभ्या असलेल्या कोकिळाच्या हातात कोंबला आणि तिच्या कानाशी खरखरला, "परवानगी बारापर्यंतच होती. पोलीस मागे लागलेत. सगळ्यांना जायला सांग."

"मी?"

"मग काय मी?"

कोकिळानं जन्मात माईक धरला नव्हता. धुळ्यात दोन वर्षं काढून ती शहरातलं मराठी बोलायला शिकली होती, पण जपून, तोलून. एकदा प्रॅक्टिकलला घाईत घरच्यासारखं "ॲसिड नही शे" म्हणून गेली, तर पुढं आठवडाभर पोरं तिला "नही शे" म्हणूनच हाका मारत होती.

समोर दोन-तीनशे पोरंपोरी. मागे सरकारी कार्यालयाचं गेट. आत साहेब, सकाळपासून मीटिंगमध्ये. मुलींच्या वसतिगृहाचं अनुदान बंद झालं होतं आणि मेसच्या दारावर याच कार्यालयाची नोटीस चिकटली होती : अनुदानाअभावी सर्व विद्यार्थिनींनी शनिवारपर्यंत वसतिगृह रिक्त करावे. आईनं नोटिशीबद्दल फोनवर विचारलं होतं, "काय लिखेल शे माय?" कोकिळानं दोन शब्दांत सांगून टाकलं, "बठ्ठा जा." सगळ्यांनी जा. शिंदखेड्याच्या पुढं त्यांच्या गावाला एसटी दिवसातून एकदा, तीही दुपारची. घरी जायचं म्हणजे कॉलेज सुटलं, हे फोनच्या दोन्ही टोकांना माहीत होतं.

"बोल ना!" दीपक पुन्हा खरखरला.

"मंडळी," कोकिळा म्हणाली. पुढचं शहरातलं मराठी काही येईना. आला तो घरचाच शब्द, आणि आला तो जोरात.

"चाला रे! बठ्ठा जा! बठ्ठा जा!"

रिक्षावर बांधलेला भोंगा सकाळपासून अर्धे शब्द खात होता. त्यात पहिल्या रांगेत अल्तमश आणि त्याच्या गल्लीतली पोरं. घरात उर्दू, चौकात हिंदी. खेड्यातली बोली त्यांच्या कानाला नवीन. त्यांना ऐकू आलं, बैठ जा.

अल्तमश मांडी घालून खाली बसला. त्याच्यामागं त्याची दहा-बारा पोरं. त्यांचं बघून मागची रांग, तिचं बघून तिच्या मागची. सरसर करत अख्खा मोर्चा रस्त्याला टेकला, बरोब्बर गेटच्या तोंडाशी.

आणि तेवढ्यात गेट उघडलं. मीटिंगमधले साहेब गाडीत बसून निघाले होते.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कोणी हललं नाही. परत दिला. साहेब दार उघडून उतरले. "बसायला कोणी सांगितलं यांना?"

कोकिळानं अल्तमशकडं पाहिलं. तो खालून दोन्ही हात पसरून म्हणाला, "तूच बोली ना, बैठ जा!"

"बैठ जा नाही रे बाबा! बठ्ठा जा! बठ्ठा!"

"वहीच तो. बैठ गए ना."

बंदोबस्तावरच्या सुनंदाबाई हवालदार तोंडावर रुमाल धरून फिस्सकन हसल्या. त्या शिंदखेड्याच्याच. "साहेब," त्या म्हणाल्या, "बठ्ठा म्हणजे आमच्याकडं सगळे. पोरगी सगळ्यांना घरी जा म्हणत होती. ही शहरातली पोरं समजली, बैठ जा."

दीपकला हसू आवरेना, पण आवाज नव्हता. तो नुसताच गदगदत राहिला. "माझा घसा बसला," तो कुजबुजला, "अन् हिनं मोर्चा बसवला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग कोकिळाकडं पाहून जरा मऊ आवाजात म्हणाले, "ठीक आहे, झाली गंमत. आता नीट सांग यांना. जायला सांग."

कोकिळानं माईक तोंडाशी नेला. यावेळी शब्द आठवत होते. सगळ्यांनी उठा, घरी जा, धन्यवाद. ओळीनं, शुद्ध, एकही न अडखळता. तिनं गाडीकडं पाहिलं. हात लांब केला असता तर बॉनेटला लागला असता. सकाळपासून जे साहेब दिसत नव्हते, ते चार पावलांवर उभे होते. बसलेल्यांत तिच्या खोलीतली नूतन होती. मांडीवर निवेदनाचा कागद घेऊन, त्यावर उन्हासाठी हात धरून.

कोकिळानं सुनंदाबाईंकडं पाहिलं. सुनंदाबाई समोरच्या निंबाच्या झाडाकडं बघायला लागल्या.

"बठ्ठा जा!" कोकिळा माईकमध्ये ओरडली.

अल्तमशनं तिच्याकडं पाहिलं. क्षणभरच. मग मागं वळून हात हलवला, "सुना क्या? बैठ जा, बैठ जा!" आणि जे दोघं-तिघं कपडे झटकत उठले होते, तेही बसले.

साहेबांचा आवाज चढला. "हे काय चाललंय? तू जा म्हणतेस, मग उठत का नाहीत हे?"

"साहेब," कोकिळा म्हणाली. माईक तिच्या हातात तसाच होता, त्यामुळं ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "तुमनी नोटिसमा बी हाईच लिखेल शे. बठ्ठा जा. आम्ही तरी कुठं उठलो?"

मागं कुठंतरी एक पोरगी खुदकन हसली.

साहेबांनी ड्रायव्हरला हातानं खूण केली. गाडीचं इंजिन बंद झालं. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि नूतनच्या मांडीवरच्या कागदाकडं बोट केलं.

अल्तमश जरा बाजूला सरकला, रस्त्यावरची धूळ हातानं झाडली.

"बैठो ना, साब."