चतुराबाईंचा विस्तव

"आणि तो विस्तव विझला, तर?" एका पोरानं विचारलं.

"तर राखणाऱ्या बाईला फटके," अनंतराव मास्तर म्हणाले. "रोम शहरावर संकट येणार, असं लोक मानायचे. गोल देऊळ, आत मूर्ती नाही. विस्तव हीच देवी. तो थंड होऊन दीड हजार वर्षं झाली, पण देवळाचे खांब अजून उभे आहेत."

निजामाच्या राज्यातल्या निलंग्याची ती शाळा मारुतीच्या ओसरीत भरे. उर्दूचा तास उरकला की मास्तर गोष्टीवर येत. समोरच्या उंबऱ्यावर चतुराबाई शेंगा फोडत सगळं ऐकत होत्या.

"एवढ्या बाया, अन् इस्तू राखता आला न्हाई? मास्तर, मी लगीन होऊन आल्यापासनं माझी चूल इझली न्हाई!"

"मग रोमची पुजारीण निलंग्यातच आहे म्हणायची!"

मास्तर हसले. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं.

जर्मनीशी चाललेल्या लढाईमुळं काड्यापेट्या मिळत नव्हत्या. रोज सकाळी सारी गल्ली खापर घेऊन बाईंच्या दारी येई. आता बाई आधी पाय धुवायला लावू लागल्या.

"ह्यो साधा इस्तू न्हाई. तिकडं असता तर देऊळ बांधलं असतं."

परसामागच्या घरातली एकटी लक्ष्मम्मा तेवढी कधी आली नाही.

"लई गुर्मी हाय तिला," बाई सुनेला म्हणत.

"हाव," सिंधु म्हणे. बाई उठेपर्यंत तिचा सडा टाकून, चूल फुंकून झालेली असे.

मग सिंधु चार दिवस देगलूरला माहेरी गेली. दुसऱ्याच सकाळी बाईंनी चुलीतली राख उकरली. गार. आणखी खाली उकरली. गारच.

दारात सगळ्या बाया उभ्या. पाय धुतलेले. मास्तरांची बायको सगळ्यांत पुढं.

"थांबा गं! देवीला जरा जाग येऊ द्या!" बाई आतून ओरडल्या. आज गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

पदराखाली खापर लपवून त्या परसदारानं निसटल्या. गल्लीतल्या साऱ्या बाया त्यांच्याच दारात होत्या. मागायला एकच घर उरलं होतं.

लक्ष्मम्मा चुलीपाशी बसली होती. बाईंनी घसा खाकरला.

"म्हणलं, तुझी तरी चूल पेटती का न्हाई, बघावं."

लक्ष्मम्मानं वर न बघताच दोन लालबुंद निखारे चिमट्यात उचलले.

"आज तुमीच आलाव, अक्का? रोज तर कोंबडं आरवायच्या आधी सिंधु येती न्हवं!"