गरम गठ्ठा

"गरम कागद एकावर एक रचू नकोस. थोडे थोडे उचल, वारा दे, निवू दे. नाहीतर चिकटतात," आमच्या छपाईच्या दुकानात माझा मोठा भाऊ दिवसातून दहादा सांगायचा. एकदा गिऱ्हाइकांसमोर मी त्याच्यावर खेकसलो, "दादा, तू गप्प बस!"

तो गप्प बसला. पुढे तीन वर्षं, अगदी जाईपर्यंत, माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

काल त्याच्या शोकसभेसाठी मीच त्याच्या फोटोच्या शंभर प्रती छापल्या. मशीन तापलं होतं आणि मला घाई होती. सगळे कागद तसेच रचून ठेवले.

आज दुपारी पाहिलं, तर अख्खा गठ्ठा चिकटलेला. वरचा कागद ओढून काढला. खालच्या फोटोची शाई त्या कागदाच्या पाठीवर उमटली होती, आरशात दिसावा तसा दादाचा चेहरा. फोटोत ओठ मिटलेले होते. पाठीवर मात्र ते किंचित विलग होते.

पुढच्या कागदावर आणखी उघडले. दहाव्यावर दात दिसले.

"बोल की रे दादा," मी म्हणालो आणि सोडवत राहिलो.

आता तळाचे दोनच कागद उरलेत. ते अजून गरम आहेत. मी हात मागे घेतलाय, तरी ते हळूहळू आपोआप सुटतायत.