करंटचं पाणी

सगळी वाडी टाकीचं पाणी भरायची, रत्नमाला मात्र झऱ्यावर जायची. तिचा नवरा विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेला होता आणि टाकीत घालायचं औषध विजेवर बनायचं. ते ‘करंटचं पाणी’ तिला घरात नको होतं.

मग झऱ्याच्या पाण्यानं तिच्या लेकीला जुलाब लागले. सलाईनवर पोर कशीबशी वाचली. दवाखान्यातून निघालेली रत्नमाला लेकीला कडेवर घेऊन थेट टाकीवर आली.

“शेवंतावैनी, यात करंट राहत नाही ना?”

टाकी सांभाळणाऱ्या शेवंतानं तिला मशीन दाखवलं. “मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की जंतू मारायचं औषध तयार होतं. बटण बंद केलं की वीज जाते, औषध तेवढं राहतं. तेच टाकीत घालते. बघ, तूच बंद कर.”

रत्नमालेनं बटणापाशी नेलेला हात मागे घेतला. शेवंतानं घाई केली नाही. अखेर रत्नमालेनं बटण दाबलं आणि मशीनचा दिवा विझला.

शेवंतानं टाकीच्या नळाचं पाणी पेल्यात भरून दिलं. लेकीनं हात पुढे केला. “थांब, आधी मी,” म्हणत रत्नमाला घोटभर प्यायली. डोळे मिटून क्षणभर उभी राहिली. मग तिनं पेला लेकीच्या ओठांना लावला.