बशीभर चहा

सोनबाने चहा टेबलावर ठेवला आणि न चाखताच तो वळला, तशी साहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

युद्धाची सहाही वर्षं ते पंतप्रधान होते आणि सोनबा त्यांचा स्वयंपाकी. रोज तो साहेबांच्या कपातला चहा बशीत ओतायचा, उभ्याउभ्याच एक घोट घ्यायचा, थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "चालेल, साहेब." मगच साहेब कप तोंडाला लावायचे. विजयाच्या दिवशीचा पेढासुद्धा आधी त्यानेच मोडून खाल्ला होता. साहेबांनी सख्ख्या भावावरही भरवसा ठेवला नव्हता, म्हणून तर ते जिवंत होते.

आणि आज, निवडणूक हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हा पाठ फिरवून निघाला? कुणी फितवलं याला? त्यांनी कप नाकाशी नेला. आल्याचा वास जरा उग्रच येत होता.

"सोनबा, तू चहा चाखला नाहीस."

सोनबा दारात थांबला. "साहेब, आता तुम्हाला कोण कशाला विष घालतंय?"

त्याने टोमणा मारला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. दारावरचा पहारा सकाळीच उठलाय, हे साहेबांना आत्ता कुठे जाणवलं. त्यांनी स्वतःच चहा बशीत ओतला आणि बशी पुढे सरकवली.

"तरीपण, आधी तू पी."

सोनबाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग समोरची खुर्ची ओढून तो बसला, भुरके मारत त्याने अख्खी बशी संपवली आणि मिशा पुसल्या.

"आलं जरा जास्तच पडलंय, साहेब."