लोवेलची नळी

लोवेल हॉगनने कित्येक वर्षं खपून अणूतल्या कणांना वेग देणाऱ्या यंत्रासाठी नायोबियम धातूची माणसाएवढी पोकळ नळी घडवली होती. चाचणीसाठी ती जमिनीतल्या खोल टाकीत, द्रवरूप हेलियममध्ये बुडवून अंतराळाहूनही गार करावी लागे. मग ती किती सोसते हे बघायला तिच्यात विजेचा जोर वाढवत न्यायचा. दोनदा ती ऐनवेळी फसली. तिसऱ्या खेपेला लोवेल घरी अंथरुणाला खिळलेला होता आणि टाकीपाशी त्याची सहकारी कोरीन उभी होती.

"निकाल लागला की आधी मला फोन कर, मग साहेबांना," त्यानं बजावलं होतं. "आणि फसली तर खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

या वेळी नळी टिकली. ठरवलं होतं त्याहून कितीतरी जास्त टिकली. टाळ्यांच्या गलक्यातच कोरीननं फोन लावला. लोवेलच्या बायकोनं, व्हर्नानं उचलला.

"व्हर्ना, आधी म्हाताऱ्याच्या कानाला लावा फोन!"

पलीकडे चादर सळसळली.

"लावलाय. बोल."

कोरीन भडाभडा बोलत सुटली. "जिंकलात हो, लोवेल! सगळे नाचतायत इथे. तुमच्या त्या हट्टी नळीनं सगळ्यांची तोंडं बंद केली!"

पलीकडून शब्द आला नाही. थकले असतील, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती रूबार्ब भरलेली गोड पेस्ट्री घेऊन इलिनॉयच्या मक्याच्या शेतांमधून त्यांच्या घरी पोचली. व्हर्ना पायरीवरच बसली होती.

"झोपलेत का?" कोरीननं हळूच विचारलं.



"तुझा फोन वाजला ना, तेव्हा मी त्याचे डोळे मिटत होते गं."