आईचा कौल

सकाळी तैनान शहराच्या कचेरीत माझ्या आणि पो-युआनच्या लग्नाची नोंद झाली. पण त्याचे बाबा घरी पितरांच्या देव्हाऱ्यापुढे अडून बसले. "सरकारला काय कळतं? हे दोन नवरे चालतील का, हिलाच कौल लावतो." ‘ही’ म्हणजे पो-युआनची दिवंगत आई. बाबांनी लाल लाकडी चंद्रकोरींचा जोड जमिनीवर टाकला. एक उताणी, एक पालथी, म्हणजे होकार. तीनदा टाकला, तीनदा होकार. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "सुताराचा पोरगा ना तू? ह्या तूच हव्या तशा तासल्यास वाटतं!" मग परीक्षा म्हणून त्यांनी विचारलं, "काय गं, तरुणपणी मी देखणा होतो?" दोन्ही पालथ्या. साफ नकार. "हीच ती," बाबा पुटपुटले. "पोराचं तुला आधीपासून माहीत होतं?" होकार. "मग मला का नाही सांगितलंस?" कौल फक्त हो-नाही सांगतो. बाबांनी प्रश्न बदलला. "मला घाबरत होतीस?" जोड हातातच राहिला.